लेकरांचे पांघरूण: कुंचीपासून जलपरीच्या शेपटापर्यंत

लहान मुलासाठी घरी शिवलेल्या पांघरुणाचा इतिहास लिहिताना पहिली अडचण ही की, त्याचा पुरावा वापरातच संपून जातो. लुगडे विरले की त्याची वाकळ होते, वाकळ फाटली की तिच्यातल्या धड भागाचे लेकराचे अंथरूण निघते, त्याचे पुढे पोतेरे होते आणि पोतेऱ्याचा शेवट उकिरड्यावर होतो. त्यामुळे पैठण्या आणि शालूंप्रमाणे ही वस्त्रे पेटाऱ्यांत जपली गेली नाहीत, आणि ज्यांनी ती शिवली त्यांची नावेही कोणत्या दप्तरात चढली नाहीत. त्यांचा माग घ्यायचा तो संतकथांतल्या एखाद्या प्रसंगातून, जात्यावरच्या ओव्यांतून, कापडाच्या व्यापारात झालेल्या बदलांतून आणि शिवणाऱ्या बायांच्या हातात अजून टिकून असलेल्या रीतीतून. अलीकडे मुलींसाठी जलपरीच्या शेपटाच्या आकाराचे पांघरूण घरी शिवण्याची जी हौस देशोदेशी पसरली, तिचा विचार करतानाही हा जुना धागा हाताशी असलेला बरा. कारण लेकरावर नुसते काही टाकायचे नाही, तर लेकराला पांघरुणाच्या आतच बसवायचे, ही कल्पना मराठवाड्याला मुळीच नवी नाही. नवे आहे ते कापड.

हा धागा येथे मराठवाड्याच्या एका कोपऱ्यातून, शिरूर अनंतपाळच्या बाजूने पाहिला आहे. लातूर जिल्ह्यातला हा लहानसा तालुका बालाघाटाच्या पठारावर, घरणी नदीच्या परिसरात वसलेला आहे. १९९९ मध्ये तो स्वतंत्र तालुका झाला. त्यापूर्वी शिरूर निलंगा तालुक्यात मोडत असे, आणि निलंगा तालुका हैदराबाद संस्थानाच्या काळात बीदर जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदरपासून तुटून उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, आणि १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. पांघरुणाच्या इतिहासात हा महसुली तपशील अवांतर वाटेल, परंतु या भागाचे बाजार, सोयरिकी आणि कापडाची आवड पिढ्यान्पिढ्या दक्षिणेकडे तोंड करून राहिली ती याच कारणाने. येथल्या बायांच्या अंगावरचे इरकल लुगडे कर्नाटकातल्या इळकलहून येई, चोळीचा खण गुळेदगुडचा असे, आणि मराठीत जिला वाकळ किंवा गोधडी म्हणतात तिलाच सीमेपलीकडची कानडी बाई कौदी म्हणते. लातूर-नांदेड पट्ट्यातल्या तांड्यांवर राहणाऱ्या बंजारा स्त्रियांचे शिवणकाम याहून वेगळ्या वळणाचे, आरसे, कवड्या आणि अत्यंत दाट टाक्यांचे. तरी थरावर थर घालून ते धावदोऱ्याने, म्हणजे सुई एकसारखी खालीवर नेत घातलेल्या सरळ टाक्याने, एकजीव करण्याचे तंत्र या सगळ्यांत समान आहे.

वाकळ म्हणजे जुन्या कापडाचे अनेक थर एकमेकांवर अंथरून शिवलेले जाड पांघरूण. तिच्यात कापूस भरलेला नसतो, आणि याच बाबतीत ती लेप, दुलई किंवा रजई यांच्यापासून वेगळी पडते. लेपाला पिंजाऱ्याने धनुकलीवर पिंजलेला कापूस लागतो आणि पिंजाऱ्याला मजुरी द्यावी लागते, तर वाकळीला सुई, दोरा आणि घरातली फाटकी वस्त्रे एवढेच पुरते. तिचे माप कोणी ठरवलेले नव्हते, ते लुगड्याने ठरवले. नऊ वार लुगड्याची चौपदरी घडी घातली की साधारण सव्वादोन वार, म्हणजे दोन मीटरच्या आसपास लांबीचा पट्टा मिळतो, आणि लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, ती माणसाच्या अंगावर घेण्यापुरती भरते; थोडक्यात, एका लुगड्यात एका माणसाच्या वाकळीचे पोट तयार होते आणि वर-खाली लावायला दुसऱ्या लुगड्याचे किंवा धोतराचे दोन पदर शोधले की काम भागते. ज्या घरात वर्षाला दोनच लुगडी येत, त्या घरात वाकळ किती वर्षांनी निघत असेल याचा हिशेब यावरून करता येतो.

शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. रब्बीची रास घरात आली, शेतातले काम थांबले, की जुनी लुगडी सोड्याच्या किंवा राखेच्या पाण्यात भिजवून, बडवून, त्यांच्यातली उरलीसुरली खळ काढून टाकली जाई. खळ म्हणजे विणताना सुताला दिलेली कांजी, जी कापडाला कडकपणा देते आणि सुईला अडवते. सारवलेल्या ओसरीवर खालचा पदर ताणून अंथरायचा, त्याच्या चार कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, तांब्या, असे हाताला येईल ते वजन ठेवायचे, त्यावर एकेक थर हाताने सपाट करत पसरायचा, आणि थर सरकू नयेत म्हणून आधी लांबलांब कच्चा दोरा घालून घ्यायचा. पक्की शिवण कडेपासून सुरू होऊन चौकोनातच फिरत मध्याकडे जाते, एका ओळीपासून दुसरी ओळ बोटाच्या रुंदीवर राहते, आणि चार बाजूंना चार जणी बसल्या तर प्रत्येकीच्या हाताची चाल शिवणीत वेगळी ओळखू येते. लुगड्याचे काठ आधीच फाडून बाजूला काढलेले असतात, कारण काठ हा लुगड्याचा सर्वांत शेवटी झिजणारा भाग. तो वाकळीच्या कडेला फिरवला की तिचे आयुष्य वाढते. शोभा हा त्याचा दुय्यम लाभ, हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण हल्ली प्रदर्शनांत गोधडीचे काठ पाहून त्यांना नक्षी म्हणण्याची चाल पडली आहे.

मराठवाड्यातल्या वस्त्रव्यवहारात श्रमांची एक स्पष्ट विभागणी होती: नवे कापड शिंप्याचे, जुने कापड बाईचे. कापडाच्या ताग्याला कात्री लावणे हा शिंप्याचा व्यवसाय, तर विरलेल्या कापडाला पुन्हा अंग देणे हे घरातले, बिनमोबदल्याचे काम. या विभागणीची सर्वांत जुनी आणि बोलकी खूण संतकथेत सापडते. शिंपी कुळातले संत नामदेव हे परंपरेनुसार आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे, आणि त्यांच्या घरी दासी म्हणून राहिलेली जनाबाई गंगाखेडची, म्हणजे दोघेही मराठवाड्याचे. महिपतींनी १७६२ मध्ये रचलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात आलेल्या कथेप्रमाणे जनीला दळू लागण्यासाठी आलेला विठ्ठल पहाटे घाईने राउळात परतताना आपला शेला विसरतो आणि जनीची वाकळ पांघरून जातो, आणि पुढे देवाच्या अलंकाराच्या चोरीचा आळ जनीवर येतो. कथेच्या भक्तिपर अर्थाचा येथे विचार नाही. परंतु शिंप्याच्या घरातल्या दासीच्या अंगावर वाकळच असणार, हे कथा सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला न सांगता ठाऊक होते, आणि शेला व वाकळ यांतले अंतर हेच त्या काळी देव आणि दासी यांच्यातले अंतर मोजण्याचे सर्वांना समजणारे माप होते.

लेकराच्या बाबतीत मात्र जुन्या कापडाला हलकेपणाचा हा अर्थ चिकटलेला नव्हता. नवजात बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवे कापड लावू नये, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वापरलेल्या लुगड्या-धोतराचा तुकडा लावावा, ही समजूत महाराष्ट्रभर होती आणि बऱ्याच घरांत अजून आहे. तिच्यामागे दोन कारणे एकत्र नांदतात. एक उघड आहे: शेकडो वेळा धुतलेले सुती कापड जितके मऊ आणि पाणी शोषणारे होते तितके गिरणीतून आलेले खळ दिलेले कापड कधीच नसते. दुसरे भीतीचे आहे. जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते अशी श्रद्धा असलेल्या, आणि त्या काही रात्री निभावणे हेच अवघड असलेल्या समाजात, बाळ फार नटवलेले, फार हवेहवेसे दिसू नये ही काळजी घेतली जाई. ज्या घरात मुले जगत नसत तेथे पुढच्या मुलाचे नाव भिका, धोंडू, दगडू, केरबा असे ठेवत, आणि त्याला दुसऱ्यांच्या घरून मागून आणलेल्या कापडात गुंडाळत. अशा तुकड्यांचे दुपटे हे एका अर्थाने अनेक घरांनी मिळून लेकराला दिलेले संरक्षण होते, आणि त्यातले ठिगळ जितके वेगवेगळे तितके ते भरवशाचे मानले जाई.

दुपटे हे दोन किंवा तीन पदरांचे, साधारण दीड-दोन हात लांबी-रुंदीचे, मोठ्या वाकळीचेच लहान रूप. मोठ्या वाकळीत दोऱ्याची गाठ कोठेही चालते, पण दुपट्यात ती दोन थरांच्या आत लपवावी लागते, कारण बाळाच्या कातडीला ती टोचते. टाकेही बारीक आणि फार न आवळता घालायचे, नाहीतर दुपटे कडक होऊन गुंडाळले जात नाही. आणि गुंडाळणे हेच त्याचे खरे काम. दुपटे कोन वर करून अंथरायचे, वरचा कोन आत दुमडून त्या घडीवर बाळाची मान ठेवायची, एका बाजूचा कोन अंगावरून घेऊन पाठीखाली दाबायचा, पायांकडचा कोन पोटापर्यंत वर आणायचा, आणि मग दुसरी बाजू सगळ्यावरून ओढून खोचायची. असे बांधलेले बाळ वर रुंद आणि पायांकडे निमुळते होत जाते. कात्री न लावता, नुसत्या घडीने, चौकोनी कापडाचा एक अंगासरशी बसणारा आकार तयार होतो आणि सोडले की तो पुन्हा चौकोन होतो. डोक्यावर घोंगडी किंवा रिकामे पोते कोपऱ्यात कोपरा खुपसून घेतले की त्याचा घोंगता होतो, म्हणजे पावसात डोके आणि पाठ झाकणारी खोळ. झाडाच्या फांदीला किंवा घराच्या आढ्याला लुगडे बांधले की त्याची झोळी होते. शेतावर काम करणाऱ्या बाईच्या लेकराचे सगळे बालपण या तीन घड्यांत गेले असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

या सगळ्यांत कात्री लागलेले आणि खऱ्या अर्थाने शिवलेले वस्त्र म्हणजे कुंची. कुंची हे टोपी आणि पांघरूण यांचे एकत्र रूप: डोक्यावर बसणारा टोकदार भाग आणि त्याच्यापासूनच पाठीवर घोट्यापर्यंत सुटलेला झोळ. तिची रचना कापडाच्या काटकसरीची आहे. खणाचा लांबट तुकडा उभा दुमडायचा, त्याची वरची आखूड बाजू शिवून टाकायची, की डोक्याचा भाग आपोआप तयार होतो. उरलेला भाग तसाच मोकळा सोडायचा, आतून मलमलीचे किंवा जुन्या धोतराचे अस्तर द्यायचे, कडेला दुसऱ्या रंगाची गोट फिरवायची आणि हनुवटीखाली बांधण्यासाठी दोन बंद लावायचे. अरुंद पन्ह्याच्या खणात हे सारे जवळजवळ एकही कातरण वाया न जाता बसते. टोकाला गोंडा, कपाळावर मणी, क्वचित एखादी कवडी किंवा आरसा, यांनी कुंची सजे, आणि यांतल्या प्रत्येक वस्तूला दृष्ट परतवण्याचे काम नेमून दिलेले असे. बाळंतविड्यात, म्हणजे बाळंतीण आणि बाळ यांच्यासाठी माहेरच्यांनी द्यायच्या वस्त्रांत, झबले, टोपडे, लाळेरे, दुपटे यांच्यासोबत कुंची असायचीच. आणि बाराव्या दिवशीच्या बारशाला पाळण्यात निजवलेले बाळ कुंचीतच पाहुण्यांसमोर येई. जुने कापड आणि नवे कापड यांच्यातली सीमा येथे ओलांडली जाते. सटवाईचे दिवस उलटले, बाळाला नाव मिळाले, की मग त्याला नव्या खणात नटवायला हरकत उरत नाही.

ओव्यांमध्ये कुंची-टोपडे वारंवार येते ते या नटण्यासाठीच. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ मध्ये गोळा केलेल्या ओव्यांत आणि गी पॉइटव्हाँ व हेमा राईरकर यांनी पुढे खेडोपाडी फिरून संग्रहित केलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत लहानग्याच्या अंगावरच्या कपड्यांचे कौतुक हा एक ठरलेला विषय आहे. वाकळीचे कौतुक मात्र त्या मानाने क्वचित भेटते. शिवणाऱ्या बाईला आपल्या सर्वांत मोठ्या कष्टापेक्षा सर्वांत छोट्या हौसेवर गाणे सुचावे, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. हौसेचा हाच धागा संक्रांतीच्या बोरन्हाणात दिसतो: पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे झबले शिवून, साखरेच्या हलव्याचे दागिने दोऱ्यात ओवून घालायचे आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. एका दिवसापुरते मुलाला कोणीतरी दुसरेच करून पाहण्याची, आणि त्यासाठी घरी बसून शिवण्याची रीत मराठी घरांत आधीपासून आहे, आणि गोकुळाष्टमीचा बाळकृष्ण हे तिचेच आणखी एक रूप.

विसाव्या शतकात या घरगुती शिवणामागचे कापडच बदलत गेले. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली आणि लातूरचा बाजार सोलापूर-मुंबईच्या गिरण्यांशी जोडला गेला. जाताना धान्य, गळित आणि कापूस, येताना गिरणीचे कापड, अशी ही देवघेव होती. नांदेडच्या परिसरात गावराणी नावाचा लांब धाग्याचा देशी कापूस पिकत असे, आणि निजामाच्या राजवटीतच नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. गिरणीच्या स्वस्त कापडाने वाकळ मारली असे कोणी म्हणेल, पण घडले ते उलट: खेड्यात कापड जास्त आले तशी जुनी वस्त्रे जास्त निघू लागली आणि वाकळींची संख्या वाढण्यास जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आले तेव्हा मात्र याच जुन्या साठ्यावर दिवस काढावे लागले. खादी आणणाऱ्या स्वातंत्र्य चळवळीचा एक अवशेष शिरूर अनंतपाळ तालुक्यात अजून पाहायला मिळतो: हिसामाबाद ऊर्फ उजेड या गावी दरवर्षी जानेवारीत ग्रामदैवताच्या नव्हे तर महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते, आणि लोक तिला गांधीबाबांची यात्रा म्हणतात. राष्ट्रध्वजाचे कापड तयार करणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडची, आणि तिचे विणकाम शेजारच्या उदगीरला चालत आले आहे. तरीही खादी येथल्या लेकरांच्या दुपट्यात फारशी शिरली नाही, कारण ती महाग होती, आणि दुपट्यात शिरण्यासाठी कापड आधी कोणाच्या तरी अंगावर दहा वर्षे असावे लागते.

खरा तुटवडा स्वातंत्र्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात आला, आणि तो कापड कमी झाल्याने आला नाही. एकीकडे तरुण बायांनी नऊवारी सोडून गोल पातळ, म्हणजे पाच-सहा वारी साडी धरली; तिची चौपदरी घडी जेमतेम दीड वारापर्यंत भरते, त्यामुळे एका साडीत एक वाकळ हे जुने गणित मोडले आणि दोन साड्या जोडून मध्ये शिवण घालावी लागली. दुसरीकडे नायलॉन आणि टेरिलीनसारख्या पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत, पाणी शोषत नाहीत, धावदोऱ्यात थर एकमेकांवरून निसटतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतात. म्हणजे दुपट्याला लागणारा एकही गुण त्यांच्यात नाही. तिसरे, जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणाऱ्या बाया दारोदार फिरू लागल्या. शहरांत त्यांना बोहारणी म्हणतात. पूर्वी ज्या कपड्याला घरात सुईखेरीज दुसरी वाट नव्हती, त्याला आता पातेले मिळू लागले, आणि घरात पहिल्यांदाच जुन्या लुगड्याची किंमत बाजाराने ठरवली. सोलापूरची जेकार्डवर विणलेली रंगीत चादर याच सुमारास लग्नाच्या आहेरात आणि बाळंतविड्यात आली. तिच्याशी वाकळ दिसण्यात बरोबरी करू शकत नव्हती; वाकळ अंथरुणाच्या खालच्या थराला गेली, आणि शिक्षणासाठी लातूरच्या वसतिगृहांत जाणाऱ्या मुलांच्या वळकटीत गुंडाळून पाठवण्यापुरती उरली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा, निलंगा आणि उमरगा या भागांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्यानंतर मदतीच्या ओघात देशभरातून जुने-नवे कपडे आणि ब्लँकेटे आली. आपत्तीत वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे आपल्याकडे बहुतांशी हरियाणातल्या पानिपतला तयार होतात, आणि ती पाश्चात्त्य देशांतून गठ्ठ्याने येणाऱ्या टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचे धागे सोडवून पुन्हा विणलेली असतात. वाकळ आणि हे ब्लँकेट दोन्ही चिंध्यांचीच, परंतु एकीत चिंधी कोणाची हे घराला माहीत असते, दुसऱ्यात ती कोणत्या देशाची हेही कळत नाही. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात स्वयं शिक्षण प्रयोगासारख्या संस्थांनी लातूर-उस्मानाबादेतल्या बायांना गटांत आणले; बचत गट रुजले, आणि जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण योजनांतून अनुदानावर शिलाई यंत्रे मिळू लागली. गोधडी तेव्हापासून घरच्या वापराची वस्तू राहण्याबरोबरच प्रदर्शनात मांडण्याचा माल झाली.

जलपरीच्या शेपटाचे पांघरूण येते ते या टप्प्यावर. कमरेपर्यंत स्त्री आणि खाली मासा असलेली ही आकृती डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या १८३७ मधील कथेतून जगभर गेली आणि १९८९ च्या डिस्ने चित्रपटाने ती मुलींच्या दप्तरांवर आणि डब्यांवर बसवली. तिच्या शेपटाच्या आकाराची विणलेली आणि शिवलेली पांघरुणे २०१५ च्या आसपास पाश्चात्त्य देशांत एकाएकी लोकप्रिय झाली. शिवण्याची रीत अशी: फ्लीस म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्याचे केसाळ, मऊ, कडा न उसवणारे कापड घेऊन त्याचे वर रुंद आणि खाली निमुळते होत जाणारे दोन पट्टे कापायचे, टोकाला शेपटाच्या पंखांचा दुहेरी आकार जोडून त्यात कृत्रिम कापूस भरायचा, उलट्या बाजूने शिवून सुलटे करायचे आणि वरचे तोंड उघडे ठेवायचे. मुलगी त्यात पाय घालून कमरेपर्यंत शिरते. खवले दाखवायचे तर अर्धवर्तुळांच्या ओळींत टाके घालायचे किंवा क्रोशाच्या सुईने ते विणून काढायचे. या ओळी घालणे म्हणजे सरळ चालणारा धावदोरा वळवणे एवढेच. वाकळीवर हात बसलेल्या बाईला ते शिकवावे लागत नाही. दुपट्याशी याचे साम्य डोळ्यांत भरणारे आहे, तसा फरकही: दुपट्याची निमुळती घडी सोडली की बाळ मोकळे होते, शेपूट मात्र पायांकडे शिवून बंद असते, आणि म्हणून ते चालत्या-धावत्या, स्वतः बाहेर पडता येणाऱ्या मुलीसाठीच ठीक, तान्ह्यासाठी नव्हे.

या भूमीला पाण्यातल्या स्त्रिया अनोळखी नव्हत्या, पण त्यांना शेपूट नव्हते आणि त्यांचा वेष लेकराला चढवावा असे कोणाच्या मनात आले नसते. विहिरी, तळी आणि नदीचे डोह येथे राहणाऱ्या साती आसरा शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपात पुजल्या जातात, त्यांना हिरवा खण आणि बांगड्या वाहतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात अशा मातृदेवतांचा माग पार प्राचीन काळापर्यंत नेला आहे. ओली बाळंतीण आणि तान्हे मूल यांना आसरांच्या जागेपासून दूर ठेवत, आणि मुलाला काही बाधले तर आसरा लागली असे म्हणत. अर्धे अंग माशाचे असलेले रूप मराठी माणसाने पाहिले ते विष्णूच्या मत्स्यावताराच्या चित्रांत, जेथे कमरेवर चतुर्भुज देव आणि खाली मासा असतो. पाण्यातली बाई भीतीची आणि माशाचा देव पूजेचा, अशी ही वाटणी असताना शेपटाचे पांघरूण मुलीच्या खेळात शिरू शकले, याचे श्रेय चित्रपटाइतकेच विहिरींना द्यावे लागेल. नळ घरात आला, विहीर मागे पडली, आणि पाणवठ्याची भीती तिच्या वाट्याच्या खणाबांगड्यांसह ओसरत गेली.

तयार फ्लीसच्या तुलनेत जुने कापड आता शिवणाऱ्यांनाच महाग पडते, कारण सुती साडी शोधावी लागते. म्हणून गोधडी शिवून देणाऱ्या बाया हल्ली घरातले जुने सुती पलंगपोस, धोतरे, पोरांचे टी-शर्ट आणि उशांच्या खोळी आत घालतात, पॉलिस्टरच्या साडीला फक्त वरचा दिखाऊ पदर करतात, आणि ती निसटू नये म्हणून हाताच्या धावदोऱ्याऐवजी यंत्राची जवळजवळ शिवण मारतात. मजुरी थरांवर आणि मापावर ठरते. कापड गिऱ्हाइकाचे असेल तर वेगळी, शिवणारीचे असेल तर वेगळी. ज्यांच्याकडे आजीचे एखादे इरकल लुगडे शिल्लक आहे, ते लोक त्याची मोठी वाकळ करायला सांगत नाहीत. नात झाली की त्यातून तिची दोन दुपटी आणि उरलेल्या काठाची एक कुंची काढून मागतात.